साताऱ्यात भाड्याची ई-स्कूटर: चढणीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक दांपत्य ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवसांसाठी साताऱ्याला येणार आहे. ते एस.टी.ने येणार असल्यामुळे स्वतःचे वाहन सोबत नसेल, आणि दिवसभराची टॅक्सी करून चालकाच्या घड्याळाप्रमाणे फिरण्याची त्यांची इच्छा नाही. म्हणून त्यांनी दोघांत मिळून एक इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने घेण्याचे ठरवले आहे. अजिंक्यतारा, कास, बामणोली, सज्जनगड आणि ठोसेघर ही ठिकाणे त्यांच्या यादीत आहेत. भाड्याने देणाऱ्याने "एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर" असे सांगितले आहे आणि यादीतले कोणतेही ठिकाण साताऱ्यापासून चाळीस किलोमीटरपेक्षा लांब नाही. तेव्हा काळजी करण्यासारखे काही आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे दुचाकींच्या दुरुस्तीचे काम करतो आणि अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्कूटरचे प्रमाण वाढले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपला बेत उत्तम आहे आणि चार ठिकाणे आपण निर्धास्तपणे पाहू शकाल. पाचवे ठिकाण, म्हणजे बामणोली, मात्र याच हिशेबाने गेलात तर आपल्याला अडकवू शकते, आणि त्याचे कारण अंतर हे नाही. डोंगराळ भागात इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब किलोमीटरबरोबर चढणीवरही करावा लागतो, आणि ती चढण जाताना लागते की परतताना, हेही पाहावे लागते. हे एकदा नीट समजून घेतले, की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

शंभर किलोमीटरचा आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही. तो ठरावीक चाचणीतला असतो. त्या चाचणीत गाडीवर एकच माणूस असतो, बॅटरी नवी असते, वेग मर्यादित असतो आणि रस्त्याला घाट नसतो. आपल्या बाबतीत स्कूटर, आपण दोघे आणि एक पिशवी मिळून सुमारे २६५ किलो वजन होईल. एवढे वजन शंभर मीटर उंच चढवायला, मोटर आणि कंट्रोलरमध्ये (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागात) वाया जाणारी ऊर्जा धरून, साधारण ०.०९ युनिट वीज लागते. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या आसपास वेगाने जाताना तेच वजन एका किलोमीटरला सुमारे ०.०३ युनिट खाते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचे तेच युनिट. भाड्याच्या स्कूटरची बॅटरी पुष्कळदा ३ युनिटच्या आसपासची असते, आणि त्यावरून तोंडी करता येईल असा एक सोपा हिशेब मिळतो: प्रत्येक किलोमीटरला १ टक्का आणि त्याशिवाय प्रत्येक शंभर मीटर चढाईला ३ टक्के. बॅटरी २ युनिटची असेल तर दोन्ही आकडे दीडपट करा आणि ४ युनिटची असेल तर पाऊणपट. हा हिशेब दोन माणसांचा आहे. एकटा चालवणारा असेल तर चढाईचा खर्च बराच कमी होतो.

आता हा हिशेब साताऱ्याच्या नकाशावर ठेवू. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पसरलेले आहे आणि किल्ल्याचा माथा सुमारे १,००० मीटरवर आहे. कासचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आणि शहरापासून जवळजवळ २५ किलोमीटर अंतरावर आहे. समर्थ मंदिर आणि बोगद्याच्या परिसरातून रस्ता यवतेश्वरचा घाट चढतो आणि मग डोंगराच्या सोंडेवरून पुढे जातो. म्हणजे कासला जाताना २५ टक्के अंतराचे आणि साडेचारशे मीटर चढाईचे सुमारे १४, असे ३९ टक्के खर्च होतील. हा आकडा ऐकून पुष्कळ जण दचकतात आणि पंचवीस किलोमीटरला चाळीस टक्के गेले तर परत कसे यायचे, असे विचारतात. परतीचा रस्ता मात्र उताराचा असतो. येताना गाडीचे वजनच तिला पुढे नेते, मोटरला थोडेच काम उरते आणि १२ ते १५ टक्क्यांत आपण साताऱ्यात पोहोचता. जाऊन-येऊन खर्च सपाट रस्त्यावरच्या पन्नास किलोमीटरपेक्षा फार वेगळा होत नाही. कासच्या तलावाचे पाणी पूर्वीपासून उताराच्याच बळावर साताऱ्यात येत आले आहे. आपली परतीची फेरीही त्याच न्यायाने होते.

बामणोलीचे गणित याच्या बरोबर उलट आहे. कासच्या पुढे रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. बामणोली हे शिवसागर जलाशयाच्या काठावरचे गाव आहे आणि त्या जलाशयाची पूर्ण भरल्यानंतरची पातळी सुमारे ६५९ मीटर आहे. म्हणजे कासपासून बारा-तेरा किलोमीटरमध्ये आपण पाचशे मीटरांहून अधिक खाली जाता आणि साताऱ्यापेक्षाही खालच्या उंचीवर पोहोचता. उतरताना बॅटरीचा काटा जवळजवळ हलत नाही. त्याने मनाला खोटा दिलासा मिळतो. परतताना तेच अंतर चढायला १२ अधिक १५ किंवा १६, म्हणजे २७-२८ टक्के लागतात आणि त्यानंतर कासपासून साताऱ्यापर्यंतचे १३ टक्के असतात. सगळ्या प्रवासाची बेरीज ८० टक्क्यांच्या वर जाते. नव्या बॅटरीवर हे जमते. पण भाड्याची गाडी रोज चार्ज होते, रोज रिकामी होते, तिच्यावर कोणी दयामाया दाखवत नाही, आणि दोन-तीन हंगामांनंतर तिची क्षमता मूळच्या पाऊणपट राहिलेली असणे अगदी शक्य असते. पडद्यावर मात्र ती १०० टक्केच दाखवते, कारण तो आकडा बॅटरी किती भरली आहे एवढेच सांगतो. आता तिच्यात मुळात किती मावते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

एका सप्टेंबरमध्ये संध्याकाळी मला बामणोलीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याच्या फोनवरून बोलावणे आले होते. दोन तरुण मुले भाड्याची स्कूटर घेऊन गेली होती. कासला पोहोचले तेव्हा ४८ टक्के उरले होते आणि बामणोलीला ४६. बारा किलोमीटरला दोनच टक्के गेले, याचा त्यांना फार आनंद झाला होता. वास्तविक इशारा कासलाच मिळाला होता: ३९ टक्क्यांच्या जागी ५२ टक्के खर्च झाले होते, म्हणजे बॅटरी थकलेली होती आणि तिच्या मापाने परतीच्या चढणीला ३६-३७ टक्के लागणार होते. बऱ्याच स्कूटर वीस टक्क्यांच्या खाली गेल्यावर बॅटरीच्या रक्षणासाठी मोटरची ताकद आपोआप कमी करतात. ऐन चढणीत तसेच झाले, दोघांचे वजन गाडी ओढेना, एकाने उतरून चालायला सुरुवात केली आणि मग अंधार पडला. मी छोटा हत्ती घेऊन गेलो आणि गाडी व मुले दोन्ही वर आणली. त्या मुलांची चूक निष्काळजीपणाची नव्हती. जाताना जेवढे लागले तेवढ्याच्या आसपास येताना लागेल, असा साधा हिशेब त्यांनी केला होता. मैदानी शहरात तो बरोबर ठरला असता.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या दिवशी बामणोलीचा किंवा कासचाही विचार करू नका. त्या दिवशी अजिंक्यताऱ्यावर जा, आणि गडदर्शनाबरोबर त्या चढणीकडे गाडीची परीक्षा म्हणूनही पाहा. शहरातून किल्ल्याच्या दरवाज्याजवळ जाणारा रस्ता सुमारे चार किलोमीटरचा असून त्यात अडीचशे मीटरच्या आसपास चढ आहे. निघताना पडद्यावरची टक्केवारी लिहून ठेवा आणि वर पोहोचल्यावर पुन्हा पाहा. ३ युनिटच्या निरोगी बॅटरीवर दोघांसाठी ११ ते १२ टक्के जायला हवेत. १४-१५ गेले तर बॅटरी थोडी वापरलेली आहे एवढेच समजा. कास, सज्जनगड आणि ठोसेघर तिच्यावर जमतील. १८ किंवा २० गेले तर त्याच संध्याकाळी दुसरी गाडी मागून घ्या. ही परीक्षा शहराच्या डोक्यावरच होते, काही बिघडले तर गाडी उतारावरून हळूहळू पायथ्याशी आणता येते आणि देणाऱ्याशी बोलायला पुरावा हातात असतो. गडावरून खाली सगळे शहर दिसते. पुढच्या दोन दिवसांचे रस्ते, म्हणजे एका बाजूला यवतेश्वरची सोंड आणि दुसऱ्या बाजूला सज्जनगडाकडची दरी, तिथूनच नजरेखाली घालून ठेवता येतात, याचाही उपयोग होतो.

गाडी निवडताना कोणता प्रकार टाळायचा ते आधी सांगतो. ज्या स्कूटरला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही, त्यांची मोटर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २५० वॉटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असतो. भाडे कमी असते, कागदपत्रांची कटकट नसते, म्हणून त्यांचा मोह होतो. परंतु शंभर मीटर चालल्यावर दहा मीटर उंची वाढवणाऱ्या चढावर दोन माणसांना घेऊन २५० वॉटची मोटर ताशी जेमतेम तीन किलोमीटर जाऊ शकते. त्यापेक्षा माणूस पायी लवकर पोहोचतो. त्याच चढावर ताशी २५ च्या वेगाने जायला सुमारे २ किलोवॉट लागतात आणि ४० ने जायला जवळजवळ ४. तेव्हा "जास्तीत जास्त शक्ती ४ किलोवॉट किंवा अधिक" असे विचारूनच गाडी घ्या आणि रेंजच्या, म्हणजे एका चार्जिंगमधल्या अंतराच्या, आकड्याला दुय्यम मानून बॅटरी किती युनिटची आहे ते विचारा. देणाऱ्याला हे आकडे माहीत नसतील तर मॉडेलचे नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर आपणच पाहा. दोन मिनिटांचे काम असते.

मोटर कुठे बसवलेली आहे, तेही पाहून घ्या. काही स्कूटरमध्ये ती मागच्या चाकाच्या मधोमध, मोठ्या डब्यासारखी असते आणि जाड वायर थेट चाकाच्या आसात शिरलेली दिसते. तिला हब मोटर म्हणतात. इतर गाड्यांत मोटर चाकाच्या पुढे बसवलेली असून ती पट्ट्याने, साखळीने किंवा गिअरने चाक फिरवते. हब मोटर साधी आणि टिकाऊ असते, सपाट शहरात तिच्याइतकी निर्धोक दुसरी नाही. मात्र ती चाकाच्याच वेगाने फिरत असल्यामुळे, चढावर वेग पडला की तिला प्रचंड विद्युतप्रवाह ओढावा लागतो, ती तापते आणि तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेले की कंट्रोलर ताकद कमी करतो. यवतेश्वरच्या घाटात मध्येच गाडी मंदावली आणि पडद्यावर तापमानाचे चिन्ह दिसले तर घाबरू नका. सुरक्षित जागी, वळणापासून दूर थांबा, गाडी बंद करा, दहा-पंधरा मिनिटे वाऱ्यावर राहू द्या. मोटरवर पाणी ओतू नका. हब मोटरची गाडी घेतली असेल तर घाटात अगदी मुंगीच्या पावलांनी जाण्यापेक्षा ताशी २५ ते ३० चा एकसारखा वेग ठेवणे तिला मानवते. पूर्ण थ्रॉटल पिळून वेग वाढवणे आणि पुन्हा थांबणे हे मात्र दोन्ही प्रकारच्या मोटरींना वाईट.

पेट्रोलची गाडी चालवणाऱ्यांना तीन सवयी बदलाव्या लागतात आणि तिन्ही चढउताराशी संबंधित आहेत. पहिली चढावर थांबून पुन्हा निघण्याची. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ब्रेकचा खटका दाबला, की मोटरचा प्रवाह तोडला जातो. त्यामुळे ब्रेक धरून थ्रॉटल द्यावा आणि मग ब्रेक सोडावा, ही आपली नेहमीची पद्धत इथे चालत नाही. ब्रेक सुटेपर्यंत मोटर गप्प असते, सुटल्याबरोबर गाडी मागे घसरते आणि मग थ्रॉटल लागू होतो. काही मॉडेलमध्ये गाडी चढावर धरून ठेवणारी सोय असते, पण ती आहे असे गृहीत धरू नका. भाड्याने घेतानाच एखाद्या लहान चढावर दोघांनी बसून तीन-चार वेळा थांबून निघून पाहा. पाय दोन्ही बाजूंना टेकलेले ठेवा, ब्रेक सोडणे आणि थ्रॉटल देणे एका दमात करा.

दुसरी सवय गाडी उभी करण्याची. गिअरची मोटरसायकल चढावर उभी करताना आपण पहिल्या गिअरमध्ये टाकतो आणि ती जागची हलत नाही. स्कूटरला ती सोय नाही, आणि इलेक्ट्रिक स्कूटर बंद केल्यावर तिचे चाक बहुधा फारच मोकळे फिरते. साइड स्टँडवर उताराच्या दिशेने तोंड करून उभी केलेली गाडी पुढे सरकून स्टँड मिटू शकतो. पार्किंग ब्रेकची पट्टी असेल तर ती लावा, नसेल तर मुख्य स्टँडवर घ्या, आणि जागा मिळेल तिथे गाडी उताराला आडवी किंवा चढाकडे तोंड करून लावा. काही गाड्यांना रिव्हर्सचे बटण असते. गडाच्या वाहनतळावर गर्दीत ते चुकून दाबले जाऊन माणूस दरीच्या बाजूला मागे जाऊ शकतो. तेव्हा ते बटण कुठे आहे हे चालवणाऱ्या दोघांनाही आधीच ठाऊक असावे.

तिसरी सवय सर्वांत धोक्याची आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. इलेक्ट्रिक स्कूटर चालू राहूनही उतारावर जवळजवळ काहीच वीज खात नाही, त्यामुळे बंद करून वाचत काही नाही. उलट, थ्रॉटल सोडल्यावर किंवा ब्रेक लावल्यावर मोटर स्वतः रोध करते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. हा रोध गाडी बंद केल्यावर नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि दिवेही जातात. बॅटरीत परत येणारी वीज फार नसते, चढायला खर्च झालेल्यातला लहानसा वाटा असतो. तिचा मोठा फायदा ब्रेक थंड राहतात हा आहे. बॅटरी अगदी पूर्ण भरलेली असेल तर तिला आणखी वीज घेता येत नाही आणि मोटरचा हा रोध कमी मिळतो किंवा मिळतच नाही. आपला मुक्काम साताऱ्यात, म्हणजे पायथ्याशी, असल्यामुळे सकाळची पहिली वाट चढाचीच असेल आणि ही अडचण येणार नाही. पण पुढे कधी पाचगणी-महाबळेश्वरला मुक्काम करून वाईकडे उतरणार असाल, तर रात्री बॅटरी ९० टक्क्यांवरच थांबवा. उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी ठामपणे लावून वळणात सोडणे योग्य.

चार्जिंगबद्दल प्रवासी विनाकारण घाबरतात असे मला वाटते. जलद चार्जिंग केंद्र शोधत बसण्याची गरज नाही. स्कूटरसोबत येणारा चार्जर घरगुती सॉकेटवर चालतो आणि ३ युनिटची बॅटरी साधारण चार ते पाच तासांत भरतो. लॉज ठरवतानाच फोनवर तीन गोष्टी विचारा: तळमजल्यावर, छताखाली, गाडीजवळ १५ अँपिअरचे सॉकेट आहे का; रात्रभर ते वापरू देतील का; आणि त्याचे पैसे किती. रात्रीत जेमतेम तीन-साडेतीन युनिट वीज लागते, तेव्हा त्याचे पैसे आपणहून देऊ करा. मालक संकोचाने नाही म्हणत असतो, तो अशा बोलण्याने तयार होतो. बारीक वायरीचे एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, ते तास-दोन तासांत गरम होते. घाट चढून आल्याबरोबर चार्जर लावू नका. बॅटरी अर्धा तास निवू द्या. चार्जर दिवसाही सोबत ठेवा, कारण कासच्या रस्त्यावर जेवायला थांबाल तिथे तासभर लावला तरी वीस टक्क्यांच्या आसपास मिळतात, आणि बामणोलीला जायचेच असेल तर ते वीस टक्के निर्णायक ठरतात.

तर बामणोलीला जावे का? माझे उत्तर: अजिंक्यताऱ्याच्या परीक्षेत गाडी उत्तीर्ण झाली असेल आणि कासला पोहोचल्यावर ६० टक्के उरले असतील, तर जावे. ६० पेक्षा कमी असतील तर आधी कासच्या आसपास जेवणाच्या वेळी चार्ज करावे आणि मग ठरवावे. ५० पेक्षा कमी असतील तर कासवरूनच मागे फिरावे, नौकाविहाराचा मोह कितीही झाला तरी. दुपारी तीननंतर कोणत्याही टक्क्यावर उतरू नये, कारण परतीची चढण दिवसाउजेडी संपायला हवी. कास आणि बामणोली परिसरात मोबाईलला सर्वत्र रेंज मिळत नाही. यावरून आणखी एक महत्त्वाचा प्रश्न निघतो, जो विचारायचे कोणालाच सुचत नाही: ही स्कूटर किल्लीने चालू होते की मोबाईलच्या अ‍ॅपवरून? अ‍ॅपवरून होत असेल तर नेटवर्क नसताना ती उघडते का? नेटवर्कशिवाय चालू न होणारी गाडी डोंगरात नेऊ नका. मालकाने ठरवलेल्या हद्दीबाहेर गेल्यावर गाडी बंद पडण्याची व्यवस्था असेल तर कास, बामणोली, ठोसेघर ही सर्व ठिकाणे त्या हद्दीत आहेत, हे लेखी घ्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कासला फुलांचा हंगाम बहुधा चालू असतो. हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांपैकी एक आहे आणि हंगामात तिथे प्रवेशावर मर्यादा असते. आगाऊ नोंदणी करून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा. गाडी नेमून दिलेल्या वाहनतळावरच लावा. दुचाकी कुठेही मावते म्हणून लोक ती कातळाच्या कडेला चढवतात आणि वीतभर मातीत वर्षभर वाट पाहून उगवलेली सीतेची आसवे ही रानफुले चाकाखाली जातात. हे पाहून मला खरोखर यातना होतात. रस्त्यावर तेव्हा धुके आणि ओलावा असू शकतो, आणि इलेक्ट्रिक मोटरची पूर्ण ताकद पहिल्याच क्षणी चाकाला मिळत असल्यामुळे शेवाळलेल्या वळणावर मागचे चाक सटकते. ओल्या घाटात गाडी इको मोडमध्येच, म्हणजे कमी ताकदीवर, चालवा. दोघांच्या वजनाला चढावर इको कमी पडले तर सरळ भागापुरता पुढचा मोड घ्या आणि वळणाआधी परत इकोवर या. गाडीला आवाज नसल्याने धुक्यात पायी चालणाऱ्यांना आणि गुरांना ती कळत नाही, म्हणून वळणावर हॉर्न वाजवण्यात संकोच करू नका.

तिसऱ्या दिवशीच्या सज्जनगड आणि ठोसेघरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दोन्ही बोगद्यापलीकडच्या रस्त्यावर आहेत, ठोसेघर सव्वीस किलोमीटरच्या आसपास आणि सज्जनगड त्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून बाजूला. पुष्कळ जण जाता जाता आधी सज्जनगड करतात. मी उलटा क्रम सुचवतो: लांबचे आणि उंच ठिकाण सकाळी, भरलेल्या बॅटरीवर आणि थंड मोटरवर, म्हणजे आधी ठोसेघरचा धबधबा आणि परतताना सज्जनगड. दोन्ही मिळून बॅटरीचा सुमारे दोन तृतीयांश भाग खर्च होईल. धबधब्याच्या पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जायचे असेल तर तिथे पवनचक्क्या का उभारल्या आहेत हे लक्षात ठेवा. समोरून वारा असेल तर सपाट रस्त्यावरही किलोमीटरला दीड टक्का धरावा लागतो.

शेवटी कागदपत्रे आणि व्यवहार. भाड्याने देण्यासाठी रीतसर नोंदलेल्या इलेक्ट्रिक गाडीची नंबरप्लेट हिरवी असून तिच्यावर अक्षरे पिवळी असतात. हिरव्यावर पांढरी अक्षरे असतील तर ती खासगी वापराची गाडी आहे, आणि तिचा अपघात झाल्यास ती भाड्याने दिली होती या कारणावरून विमा नाकारला जाऊ शकतो. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आपल्याकडे दुचाकीचे वैध लायसन्स असले पाहिजे, केवळ चारचाकीचे चालणार नाही, आणि दोघे आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांकडेही. हेल्मेट दोन मागा आणि ती डोक्यावर घट्ट बसतात का ते पाहा. मूळ आधार कार्ड किंवा मूळ लायसन्स अनामत म्हणून ठेवू नका; प्रत द्या, पैसे द्या आणि पावती घ्या.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा आणि त्यात किलोमीटरचा आकडा, बॅटरीची टक्केवारी, दोन्ही टायरची नक्षी, चार्जर व त्याची वायर स्पष्ट दिसू द्या. ब्रेक दाबून पाहा. पट्टी हँडलला टेकत असेल तर तिथल्या तिथे आवळून घ्या. टायरमधली हवा जवळच्या पंपावर तपासा. कमी हवेवर रेंज घटते आणि दोघांच्या वजनाने घाटातल्या खड्ड्यात रिम वाकते. बॅटरी संपली तर गाडी आणायला कोण येणार, किती वेळात आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारून पावतीवर लिहून घ्या. परत देताना किती टक्के चार्ज अपेक्षित आहे तेही त्याच पावतीवर असू द्या. सज्जनगडाहून आल्यावर बॅटरीत तीस-पस्तीस टक्केच उरलेले असतील, म्हणून त्या संध्याकाळी लॉजवर दोन तास चार्जर लावून मगच गाडी सोडायला जा, आणि आपल्या एस.टी.ची वेळ त्या हिशेबाने ठरवा.